कृष्णवर्णीय अस्मिता आणि आपलेपणाचा प्रश्न : जॉन अकॉम्फ्रा यांच्या दोन माहितीपटांची चिकित्सा

१. प्रास्ताविक

ज्या देशात जन्म झाला, शिक्षण झाले, ज्या देशाची भाषा हीच घरची भाषा झाली, त्याच देशात ‘आपण मूळचे कोठले?’ हा प्रश्न आयुष्यभर ऐकत राहावे लागणे, हा गौरवर्णीय बहुसंख्य असलेल्या समाजातील कृष्णवर्णीयांचा एक सार्वत्रिक अनुभव आहे. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात प्रत्येक वेळी द्वेष असतोच असे नाही. मात्र प्रश्नाच्या पोटात एक उत्तर आधीच दडलेले असते : ‘येथले नव्हे’. कृष्णवर्णीय अस्मितेविषयीच्या माहितीपटांना या गृहीतकाशी झुंज द्यावी लागते. ती कशी दिली जाते, तिच्यातून काय साधते आणि काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात जॉन अकॉम्फ्रा यांच्या ‘हँड्सवर्थ साँग्ज’ (१९८६) व ‘द स्टुअर्ट हॉल प्रोजेक्ट’ (२०१३) या दोन माहितीपटांच्या आधारे केला आहे.

मराठी अभ्यासकाला कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाची ओळख प्रामुख्याने अमेरिकेच्या वाटेने झाली. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. पुढे अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’पासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ची स्थापना झाली आणि दलित साहित्य व कृष्णवर्णीयांचे साहित्य यांच्या तौलनिक अभ्यासाची परंपरा मराठीत रुजली. ब्रिटनमधील कृष्णवर्णीयांचा प्रश्न मात्र काही बाबतींत निराळा आहे. अमेरिकेत गुलामगिरी देशाच्या भूमीवरच घडली. तिचे वारस तेथेच पिढ्यानुपिढ्या वसले. ब्रिटनची गुलामगिरी मुख्यत्वे समुद्रापलीकडील उसाच्या मळ्यांत घडली. नफा मायदेशी आला आणि अत्याचाराचे स्थळ दूर राहिले. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतील माणसे ब्रिटनमध्ये आली, तेव्हा तेथील बहुसंख्य समाजाला ती कोठूनतरी अचानक उगवल्यासारखी वाटली. वस्तुतः दोघांचा इतिहास तीनशे वर्षे एकमेकांत गुंतलेला होता. तो एका पक्षाने विस्मृतीत टाकला होता.

अकॉम्फ्रा यांच्या माहितीपटांचा खरा विषय ही विस्मृती होय. आपलेपणा हा बहुसंख्यांकांकडून मिळणाऱ्या स्वीकारावर अवलंबून न ठेवता, राष्ट्राच्या स्मृतीवर हक्क सांगून तो प्रस्थापित करता येतो, ही या माहितीपटांची भूमिका आहे. हा हक्क ते राष्ट्राच्याच चित्रफितींच्या दप्तरातून सिद्ध करतात. त्या भूमिकेचे सामर्थ्य तसेच तिची किंमत या दोन्ही बाजू येथे तपासावयाच्या आहेत.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

२२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून आलेले कॅरिबियन प्रवासी टिलबरी बंदरात उतरले. त्याच वर्षीच्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतील प्रजेला ब्रिटनच्या प्रजेबरोबरीचे नागरिकत्व दिले. म्हणजे हे प्रवासी कायद्याच्या दृष्टीने परके नव्हते. साम्राज्याच्या एका भागातून ते दुसऱ्या भागात आले होते. परंतु १९६२, १९६८ व १९७१ या वर्षांच्या कायद्यांनी हा मार्ग क्रमाक्रमाने अरुंद केला. जानेवारी १९७८ मध्ये, पंतप्रधान होण्यापूर्वी सव्वा वर्ष, मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, परकीय संस्कृतीच्या माणसांखाली आपण बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते, असे विधान केले. सीमेवर सुरू झालेली छाननी अशा रीतीने देशात राहणाऱ्यांच्या दारापर्यंत येऊन पोहोचली.

बर्मिंगहॅम शहरातील हँड्सवर्थ या वस्तीला या इतिहासात विशेष स्थान आहे. अठराव्या शतकात मॅथ्यू बोल्टन यांचा सोहो येथील प्रसिद्ध कारखाना याच परिसरात होता आणि वाफेच्या यंत्राचे नाव ज्यांच्याशी कायमचे जोडले गेले त्या जेम्स वॅट यांचे दफन हँड्सवर्थच्या सेंट मेरी चर्चमध्ये झाले. औद्योगिक क्रांतीच्या या माहेरघरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅरिबियन व दक्षिण आशियाई कामगारांची वस्ती झाली. कारखान्यांना हात हवे होते तोवर या माणसांची गरज भासली; उद्योग मंदावले तेव्हा सर्वांत आधी त्यांच्याच मुलांच्या वाट्याला बेकारी आली.

या वस्तीचे नाव राष्ट्रीय चर्चेत प्रथम गुन्हेगारीच्या संदर्भात गाजले. १९७२ साली हँड्सवर्थमध्ये घडलेल्या एका लुटीच्या प्रकरणात तीन किशोरवयीन मुलांना १९७३ मध्ये अतिकठोर शिक्षा झाल्या. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या अभ्यासाची परिणती स्टुअर्ट हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘पोलिसिंग द क्रायसिस’ (१९७८) या ग्रंथात झाली. रस्त्यावरील लूटमारीविषयीची भीती वृत्तपत्रे, न्यायालये व पोलीस यांच्या परस्परसंबंधांतून कशी वाढविली गेली आणि तिला कृष्णवर्णीय तरुणाचा चेहरा कसा चिकटविला गेला, हे या ग्रंथाने दाखविले.

सप्टेंबर १९८५ मध्ये हँड्सवर्थमध्ये दंगल उसळली. पोलिसांशी झालेल्या एका किरकोळ चकमकीचे निमित्त झाले आणि दुकाने जळाली. एका टपाल कार्यालयात दोन आशियाई भावांचा आगीत मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनमधील ब्रिक्स्टन येथे घरझडतीच्या वेळी पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय महिला कायमची अपंग झाली. ऑक्टोबरच्या प्रारंभी टॉटनहॅम येथे घरझडती सुरू असताना दुसऱ्या एका कृष्णवर्णीय महिलेचा हृदय बंद पडून मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या दंगलीत एका पोलिसाची हत्या झाली. वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने या घटनांतून जे चित्र उभे केले, त्याला उत्तर म्हणून ‘हँड्सवर्थ साँग्ज’ची निर्मिती झाली.

३. निर्मितीमागील सामूहिक प्रयत्न

‘ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह’ हा गट १९८२ साली पोर्ट्समथ येथील पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या तरुणांनी स्थापन केला व पुढे त्याने लंडनच्या हॅकनी भागात आपले काम उभारले. जॉन अकॉम्फ्रा (जन्म १९५७, आक्रा), लीना गोपॉल, रीस ऑगिस्ट, एडवर्ड जॉर्ज, एव्हरिल जॉन्सन, ट्रेव्हर मॅथिसन व डेव्हिड लॉसन हे त्याचे सदस्य होत. १९८२ सालीच चित्रपट-तंत्रज्ञांची संघटना, ‘चॅनल फोर’ ही नवी दूरचित्रवाहिनी आणि अन्य संस्था यांच्यात झालेल्या करारामुळे अशा छोट्या कार्यशाळांना आर्थिक पाठबळ मिळण्याची सोय झाली होती. ‘सांकोफा’ व ‘सेडो’ हे समकालीन गटही याच व्यवस्थेतून पुढे आले. ‘सेडो’ने टॉटनहॅमच्या घटनांवर केलेल्या माहितीपटात नियामक मंडळाने बदल मागितले आणि तो अखेरपर्यंत प्रक्षेपित झाला नाही. हा तपशील महत्त्वाचा आहे. कारण या काळात कृष्णवर्णीयांच्या हाती कॅमेरा आला, तरी तो कोणत्या मर्यादेपर्यंत चालवावयाचा हे अन्यत्र ठरत होते.

सुमारे तासाभराचा ‘हँड्सवर्थ साँग्ज’ ‘चॅनल फोर’च्या एका मालिकेसाठी तयार झाला व त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटासाठीचा ग्रिअरसन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो त्या जॉन ग्रिअरसन यांच्या परंपरेने १९३० च्या दशकात ब्रिटिश कामगाराला पडद्यावर प्रतिष्ठा दिली होती. त्या परंपरेत निवेदकाचा एक भारदस्त, सर्वज्ञ आवाज दृश्यांचा अर्थ लावून देत असे. अकॉम्फ्रा यांनी परंपरेचा आदर राखून नेमका हा आवाजच मोडीत काढला.

४. ‘हँड्सवर्थ साँग्ज’ : परक्या दृश्यांचे पुनर्वाचन

या माहितीपटात दंगलीची कालक्रमानुसार हकिकत नाही. आरंभी एका संग्रहालयात जुन्या यंत्राकडे पाहणारा कृष्णवर्णीय रखवालदार दिसतो. संग्रहालयातील यंत्र ब्रिटनच्या वैभवाची खूण आहे आणि तिची राखण करणारा माणूस त्या वैभवाच्या अधिकृत कथेत कोठेच नाही. सोहोच्या कारखान्याचा संदर्भ ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला या एका दृश्यातच माहितीपटाचा संपूर्ण प्रश्न सापडतो. त्यानंतर पक्ष्यांचे थवे, खदखदा हसणारा यांत्रिक विदूषक, जळालेल्या इमारती, ढालधारी पोलिसांच्या रांगा अशी दृश्ये एकामागून एक येतात. त्यांच्या मधोमध जुन्या वृत्तपटांतील तुकडे पेरलेले आहेत : बोटीवरून उतरणारे नीटनेटक्या पोशाखातील कॅरिबियन प्रवासी, कारखान्यात राबणारे कामगार, नृत्यगृहातील जोडपी.

हे वृत्तपट मूळ निर्मात्यांनी कुतूहलाने व पुष्कळदा चिंतेने चित्रित केले होते. त्यांचे निवेदन आलेल्या माणसांकडे ‘समस्या’ म्हणून पाहते. अकॉम्फ्रा त्या निवेदनाचा अधिकार काढून घेतात. गती मंद होते, रंगछटा बदलते, मूळ ध्वनीऐवजी मॅथिसन यांचे गंभीर ध्वनिसंयोजन ऐकू येते. परिणामी, जे चेहरे वृत्तपटात एका लोंढ्याचा भाग होते, ते प्रथमच एकेकट्या माणसांचे चेहरे म्हणून दिसू लागतात. त्यांच्या डोळ्यांतील अपेक्षा दिसते आणि १९८५ च्या राखेशेजारी ठेवल्यामुळे तिचे काय झाले हेही समजते.

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली दूरचित्रवाणीच्या संदर्भात मांडलेला सिद्धांत येथे उपयुक्त ठरतो. संदेश रचणाऱ्याने त्यात घातलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतो असे नाही. तो त्याला मान्यता देऊ शकतो, त्याच्याशी अंशतः तडजोड करू शकतो अथवा त्याच्या विरोधात जाऊन त्याचे वाचन करू शकतो, असे हॉल यांचे प्रतिपादन आहे. ‘हँड्सवर्थ साँग्ज’ हे विरोधी वाचनाचे प्रत्यक्ष उदाहरण होय. फरक इतकाच, की येथे प्रेक्षकाने मनातल्या मनात करावयाचे वाचन दिग्दर्शकाने संकलनाच्या मेजावर केले आहे.

या संदर्भात दोन प्रसंगांची तुलना उद्बोधक ठरेल. एका प्रसंगी तत्कालीन गृहमंत्री डग्लस हर्ड दंगलग्रस्त भागाची पाहणी करताना दिसतात आणि घडलेला प्रकार अर्थहीन व अकारण असल्याचे सांगतात. दुसऱ्या प्रसंगी अंधाऱ्या जागेत टांगलेल्या कौटुंबिक छायाचित्रांमधून कॅमेरा सावकाश फिरत जातो : विवाहसोहळे, लहान मुले, सजून उभी राहिलेली कुटुंबे. पहिल्या प्रसंगात राज्यसत्ता कारण नाकारते. दुसऱ्यात कारण सांगितलेले नाही, परंतु या माणसांनी येथे कोणत्या आशेने संसार मांडला हे दाखविले आहे. दंगलीमध्ये गोष्टी नसतात, इतर गोष्टींची भुते मात्र असतात, या आशयाचे या माहितीपटातील विधान प्रसिद्ध आहे. छायाचित्रांच्या त्या दालनात ही भुते शांतपणे उभी असतात. निमित्त आणि कारण यांतील अंतर या दोन प्रसंगांच्या संगतीतून प्रेक्षकाच्या ध्यानी येते.

तिसरा मुद्दा ‘कृष्णवर्णीय’ या संज्ञेच्या व्याप्तीचा आहे. १९७० व १९८० च्या दशकांत ब्रिटनमधील चळवळींत ‘ब्लॅक’ हा शब्द आफ्रिकी-कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई अशा दोन्ही समूहांसाठी राजकीय अर्थाने वापरला जात असे. १९७९ साली आशियाई व आफ्रिकी-कॅरिबियन स्त्रियांनी स्थापन केलेल्या संघटनेचे ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ हे नाव त्याची साक्ष देते. टपाल कार्यालयातील दोन मृत्यूंनंतर वृत्तपत्रांनी दंगलीला कृष्णवर्णीय विरुद्ध आशियाई असे स्वरूप दिले. माहितीपट ही मांडणी स्वीकारत नाही. त्यात दोन्ही समूहांची माणसे व त्यांचा इतिहास येतो; निवेदनाच्या आवाजांत मीरा स्याल यांचाही आवाज आहे. तथापि या व्यापक संज्ञेने प्रश्न पूर्णतः सुटला असे म्हणता येत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तारिक मोदूद यांच्यासारख्या अभ्यासकांनी, या संज्ञेत आशियाई अनुभव झाकला जातो, असा आक्षेप घेतला. एकजुटीसाठी स्वीकारलेले नाव सर्वांच्या दुःखाला सारखी जागा देतेच असे नाही, हा धडा दलित-बहुजन चळवळीच्या अभ्यासकांनाही अपरिचित नाही.

५. रश्दी व हॉल यांच्यातील वाद

जानेवारी १९८७ मध्ये सलमान रश्दी यांनी ‘द गार्डियन’मध्ये या माहितीपटावर कठोर टीका केली. त्यांच्या टीकेचा आशय असा : दूरचित्रवाणीने दंगल, राख व पोलीस हेच दाखविले होते, हा माहितीपटही त्याच प्रतिमांभोवती फिरतो. हँड्सवर्थमध्ये सांगण्यासारख्या असंख्य गोष्टी आहेत, परंतु तेथील माणसांना त्या सांगू देण्याऐवजी निवेदनाची सैद्धान्तिक भाषा त्यांच्यावर आच्छादली जाते. केवळ कृष्णवर्णीयांनी निर्माण केली म्हणून एखाद्या कलाकृतीचे कौतुक होऊ नये, असेही त्यांचे म्हणणे होते.

स्टुअर्ट हॉल यांनी काही दिवसांतच पत्राद्वारे उत्तर दिले. दंगलीवरील माहितीपटांची झिजलेली भाषा सोडून नवी भाषा शोधण्याची धडपड रश्दी यांना दिसलीच नाही, असे हॉल यांचे प्रतिपादन होते. जुन्या दृश्यांची बदललेली गती व रंगछटा यांकडे त्यांनी आवर्जून लक्ष वेधले. कृष्णवर्णीय चळवळीतील ज्येष्ठ पत्रकार डार्कस हाउ यांनी मात्र रश्दी यांची बाजू घेतली. म्हणजे या वादात एका बाजूस कृष्णवर्णीय व दुसऱ्या बाजूस आशियाई अशी सरळ विभागणी नव्हती. पुढे हॉल यांनी १९८८ साली मांडलेल्या ‘न्यू एथ्निसिटीज’ या निबंधात या टप्प्याचे मर्म सांगितले : ‘चांगला कृष्णवर्णीय’ अशी एकसंध प्रतिमा उभी करण्याचा काळ संपला असून यापुढे कृष्णवर्णीयांच्या कलाकृतींचेही गुणदोष मोकळेपणाने तपासावे लागतील. या अर्थाने रश्दी यांची टीका हॉल यांना अमान्य असली, तरी तशी टीका होणे हे त्यांच्याच विचाराशी सुसंगत होते.

या वादाचा निवाडा करताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. माहितीपट दूरचित्रवाणीचीच दृश्ये पुन्हा दाखवितो, हा रश्दी यांचा आक्षेप टिकत नाही. तीच दृश्ये वेगळ्या गतीने, वेगळ्या शेजारात दाखविणे ही पुनरावृत्ती नसून उलटतपासणी असते. रॅस्टाफारी केसांचा एक तरुण पोलिसांच्या कड्यातून धावतो व अखेर पकडला जातो, हे दृश्य बातमीत पाहणाऱ्याला ‘दंगेखोर’ दिसतो. माहितीपटात पाहणाऱ्याला एकटा धावणारा माणूस व त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांची संख्या दिसते. तथापि, वस्तीतील माणसांचे स्वतःचे बोलणे अपुरे आहे, हा रश्दी यांचा दुसरा आक्षेप सहज बाजूस सारता येत नाही. ज्या माणसांविषयी दीर्घकाळ इतरच बोलत आले, त्यांच्याविषयीच्या माहितीपटातही त्यांच्याहून निवेदन अधिक बोलत असेल, तर प्रेक्षकाला ते खटकणे स्वाभाविक आहे. कॅमेरा ज्या हळुवारपणे छायाचित्रांवरून फिरतो, त्या छायाचित्रांतील एखाद्या वधूने त्या दिवसाविषयी चार वाक्ये सांगितली असती, तर काव्यात्मता कमी झाली नसती.

रश्दी यांच्या अपेक्षेला उत्तर देणारा माहितीपट बऱ्याच उशिरा आला. स्टीव्ह मॅक्वीन व जेम्स रोगन यांच्या ‘अपरायझिंग’ (२०२१) या तीन भागांच्या मालिकेत जानेवारी १९८१ मधील न्यू क्रॉस येथील आगीतून वाचलेली व आप्त गमावलेली माणसे स्वतः बोलतात. त्या आगीत १३ तरुण-तरुणी मृत्युमुखी पडले होते. तेथे गोष्ट सांगणारा अधिकारी आवाज साक्षीदारांचाच आहे आणि प्रेक्षकावर होणारा परिणाम विलक्षण आहे. परंतु त्यासाठी ४० वर्षे जावी लागली. १९८५–८६ मध्ये पोलिसी चौकशीचा धाक ताजा असताना कॅमेऱ्यासमोर बोलणे सोपे नव्हते, हेही ‘हँड्सवर्थ साँग्ज’चे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

६. ‘द स्टुअर्ट हॉल प्रोजेक्ट’ : दप्तरातील एक सलग आवाज

पहिल्या माहितीपटातील उणीव अकॉम्फ्रा यांच्या पुढील कामात एका निराळ्या मार्गाने भरून निघते. ‘द स्टुअर्ट हॉल प्रोजेक्ट’ हा माहितीपट हॉल यांच्या अनेक दशकांतील दूरचित्रवाणी व नभोवाणीवरील ध्वनिचित्रमुद्रणांतून साकारला आहे. त्यापूर्वी २०१२ साली याच सामग्रीवर आधारित ‘द अनफिनिश्ड कॉन्व्हर्सेशन’ ही तीन पडद्यांची मांडणी त्यांनी केली होती. माहितीपटात इतरांच्या स्तुतिपर मुलाखती नाहीत. तरुण हॉल, मध्यमवयीन हॉल व वृद्ध हॉल हेच एकमेकांना पुढे चाल देत बोलतात आणि पार्श्वभूमीस माइल्स डेव्हिस यांचे संगीत त्या त्या काळाची खूण होऊन येते.

हॉल यांचा जन्म १९३२ साली जमैकातील किंग्स्टन येथे झाला. १९५१ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला आले व पुढे ब्रिटनमध्येच राहिले. ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’चे पहिले संपादक, बर्मिंगहॅमच्या समकालीन संस्कृती अभ्यास केंद्राचे संचालक व १९७९ पासून मुक्त विद्यापीठातील प्राध्यापक अशी त्यांची वाटचाल झाली. मुक्त विद्यापीठाच्या पाठांमुळे एका कृष्णवर्णीय प्राध्यापकाचा चेहरा व आवाज ब्रिटनच्या घराघरांत पोहोचला. ज्या माध्यमातून थॅचर यांचे ‘बुडून जाण्या’चे विधान पसरले, त्याच माध्यमातून हॉल समाजशास्त्र शिकवीत होते. अकॉम्फ्रा यांनी हा विरोधाभास माहितीपटाचा कणा केला आहे.

कृष्णवर्णीयांचे परकेपण ब्रिटनच्या बंदरावर सुरू होते, हा समजही हॉल यांच्या जीवनकथेने दूर होतो. त्यांच्या कुटुंबात ते सर्वांत गडद वर्णाचे होते. पाळण्यातील भावाला पाहून, हे ‘कुली’ मूल कोठून आणले, असे त्यांच्या बहिणीने विचारल्याची आठवण हॉल यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. जमैकात हा शब्द मळ्यांवर मजुरीसाठी नेलेल्या गरीब भारतीयांसाठी तुच्छतेने वापरला जात असे. पुढे त्याच बहिणीला एका गडद वर्णाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याशी संबंध ठेवण्यास आईवडिलांनी मनाई केली. तिचे मन कोसळले व तिला विजेच्या धक्क्यांचे उपचार घ्यावे लागले. वर्णाची उतरंड कुटुंबाच्या उंबरठ्याआत किती खोल शिरते, याचे हे विदारक उदाहरण आहे. जातीच्या उतरंडीशी परिचित असलेल्या भारतीय वाचकाला त्यासाठी वेगळ्या भाष्याची आवश्यकता नाही.

या अनुभवातून हॉल यांनी अस्मितेची जी संकल्पना मांडली ती माहितीपटाच्या रचनेतही उतरली आहे. अस्मिता म्हणजे भूतकाळात पुरलेला व उकरून काढावयाचा ठेवा नव्हे; ती घडत जाणारी, इतिहासाशी संवाद करीत बदलणारी प्रक्रिया होय, असे त्यांचे मत होते. म्हणून माहितीपटात हॉल यांचे एकच ‘खरे’ रूप दाखविण्याचा आग्रह नाही. हंगेरी व सुएझ येथील १९५६ च्या घडामोडी, अण्वस्त्रविरोधी चळवळ, स्त्रीवादाने डाव्या विचारांपुढे उभे केलेले प्रश्न या प्रत्येक वळणावर ते थोडे बदलतात. ऑक्सफर्डला आल्यावर जमैकाला परतणे शक्य उरले नाही आणि इंग्लंडचे पूर्णतः होणेही शक्य झाले नाही, ही त्यांची स्थिती दुःखाची तशीच दृष्टी देणारीही होती.

येथेही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. हँड्सवर्थच्या रस्त्यावरील तरुणाला जो आवाज लाभला नाही, तो येथे ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या विचारवंताला लाभला आहे. दप्तरात ज्याचे बोलणे साठविले गेले, त्याच्यावरच असा माहितीपट होऊ शकतो. ज्यांना कोणी दूरचित्रवाणीच्या कक्षात बोलाविले नाही, त्यांच्या बाबतीत ही पद्धती मुकी होते.

७. दप्तर आणि नागरिकत्व

या चर्चेला केवळ कलाविचाराचे परिमाण नाही, हे २०१८ साली उघडकीस आलेल्या ‘विंडरश’ प्रकरणाने सिद्ध केले. बालपणी कायदेशीररीत्या आलेल्या, आयुष्यभर ब्रिटनमध्ये काम करून कर भरलेल्या अनेक कॅरिबियन नागरिकांकडे वास्तव्याचे कागदोपत्री पुरावे मागण्यात आले. अनेकजण आईवडिलांच्या पारपत्रावर आले होते. स्वतःच्या नावाचा कागद त्यांना कधी लागलाच नव्हता. २०१२ पासून गृहखात्याने अवलंबिलेल्या ‘प्रतिकूल वातावरणा’च्या धोरणामुळे त्यांपैकी कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना स्थानबद्ध करण्यात आले, काहींना देशाबाहेर पाठविण्यात आले. प्रवाशांच्या आगमनाची नोंद असलेली जुनी कार्डे गृहखात्याने २०१० सालीच नष्ट केल्याचेही याच वेळी समजले. तत्कालीन गृहमंत्री अँबर रड यांना एप्रिल २०१८ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

दप्तराचे मोल मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. कागद जपणारा इतिहास घडवितो, तसेच कागद नष्ट करणाराही घडवितो. ज्या राज्यसंस्थेने बंदरावर उतरलेल्यांच्या नोंदी कचऱ्यात टाकल्या, त्याच देशातील वृत्तपटांच्या संग्रहात त्या पिढीचे बोटीवरून उतरणे शाबूत होते. अर्थात वृत्तपटातील चेहरा दाखवून कोणाला नागरिकत्वाचा दाखला मिळत नाही. परंतु ‘ही माणसे केव्हा आली, कोणाच्या बोलावण्याने आली’ याविषयी समाजाची स्मृती जागी असती, तर गृहखात्याचा तो उद्दामपणा इतकी वर्षे बिनबोभाट चालला नसता. अकॉम्फ्रा यांनी १९८६ मध्ये जुन्या चित्रफिती उलगडून जे केले, त्याचा हा अर्थ ३२ वर्षांनी अधिक स्पष्ट झाला. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनपासून बर्मिंगहॅमपर्यंत दंगली उसळल्या, तेव्हा ‘टेट मॉडर्न’ कलादालनात ‘हँड्सवर्थ साँग्ज’ पुन्हा दाखविला गेला होता. त्या वेळीही दंगलीमागे निव्वळ गुन्हेगारी असल्याचे राज्यकर्ते सांगत होते.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते, की अकॉम्फ्रा यांचे दोन्ही माहितीपट ‘आम्हाला आपले म्हणा’ अशी विनंती करीत नाहीत. ‘तुमच्याच दप्तरात आम्ही आहोत, ते नीट पाहा’ असे ते सांगतात. विनंती फेटाळता येते, नोंद फेटाळणे अवघड असते. हे या पद्धतीचे सामर्थ्य होय. दप्तर ज्यांनी घडविले त्यांची दृष्टी व त्यांच्या निवडी त्यात कायम राहतात आणि ज्यांची नोंदच झाली नाही ती माणसे पुन्हा एकदा बाहेर राहतात, ही तिची किंमत होय. रश्दी यांची टीका या किंमतीकडे बोट दाखविते, म्हणून ती आजही उपयोगी आहे. हॉल यांचे उत्तर सामर्थ्याकडे लक्ष वेधते, म्हणून ते अधिक मूलगामी आहे. जुन्या नोंदींचे पुनर्वाचन आणि हयात साक्षीदारांचे कथन या दोन्ही वाटा परस्परपूरक आहेत, आणि साक्षीदार वृद्ध होत असल्याने दुसऱ्या वाटेची निकड अधिक आहे.

अकॉम्फ्रा यांना २०२३ साली ‘सर’ हा किताब मिळाला आणि २०२४ च्या व्हेनिस येथील द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. आक्रा येथे जन्मलेल्या कलावंताला राष्ट्राने आपला प्रतिनिधी म्हणून निवडले, ही घटना सुखावह आहे. मात्र ती ‘विंडरश’ प्रकरणानंतर अवघ्या सहा वर्षांनी घडली. एखाद्या कलावंताचा गौरव करणे राष्ट्राला सोपे जाते; कागद नसलेल्या वृद्ध परिचारिकेला वा कामगाराला ‘तुम्ही येथलेच’ असे म्हणणे अवघड जाते. कृष्णवर्णीय अस्मितेवरील माहितीपटांचे मूल्य ठरविताना पुरस्कारांहून हीच दुसरी कसोटी लावणे न्याय्य ठरेल.